सगळे चाचे एका माळेचे मणी नव्हेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दोन आठवड्यांमागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत समुद्री लुटारूंवर पानभर लेख आला होता. लेख वाचनीय होता, चित्रंही सुरेख होती, पण त्यात फ्रान्सिस ड्रेक, कॅप्टन किड, हेन्री एव्हरी आणि आपले कान्होजी आंग्रे ह्या चौघांना ‘चाचे’ ह्या एकाच मथळ्याखाली ओळीनं उभं केलंय ते बघून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण कृपा करून कान्होजींचा भाग तेवढा कापू नका.

मी पेडण्याचा. जन्मभर तारवटी, डेकवर लागलो तो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. इतिहासाची डिग्री नाही माझ्याकडे, पण जहाजावर फावला वेळ फार असतो आणि मला वाचायची सवय, त्यामुळे जुन्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचत आलो, आणि सुट्टीवर आलो की पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायचो. लेख आवडला नाही म्हणून लिहितोय असं समजू नका. माझ्या बहिणीच्या नातवानं, सातवीत आहे तो, तुमच्याच लेखावरून शाळेचा प्रोजेक्ट केला, त्यात कान्होजींच्या एका डोळ्याला काळी पट्टी आणि त्यांच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, कवटीचा झेंडा काढला, आणि वही माझ्यासमोर धरून विचारलं की आजोबा, हा चांगला चाचा होता की वाईट? त्या पोराला एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

आधी चाचा म्हणजे काय ते मला कसं कळलं ते सांगतो. २०१० च्या सुमारास आमचं जहाज एडनच्या आखातातून जायचं, तेव्हा सोमाली चाच्यांचा कहर होता. आखात यायच्या दोन दिवस आधीपासून आम्ही डेकच्या कडेनं रेझर वायर बांधत सुटायचो, जाड हातमोजे घालूनही हात फाटायचे, मग फायर होज कठड्याला बांधून तोंडं बाहेर वळवून ठेवायची, आणि जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून माणसं तयार करायची, डोक्यावर हेल्मेट घालून रेलिंगला उभी करायची, लांबून वाटावं पहाऱ्याला माणसं आहेत. असे सहा पुतळे मी स्वतः भरलेत. एका पहाटे दोन होड्या आमच्या मागं लागल्या, एकीत शिडी आडवी ठेवलेली स्पष्ट दिसत होती, कॅप्टननं स्पीड वाढवला, जहाज डावी-उजवीकडे वळवत नेलं आणि बाकी सगळ्यांना सिटाडेलमध्ये पाठवलं, म्हणजे आतून बंद करायची ती लोखंडी खोली. अर्ध्या तासानं त्या होड्या मागं राहिल्या. त्या अर्ध्या तासात माझ्या शेजारी बसलेला कोचीचा पोरगा एवढंच विचारत होता की हे लोक नेमके कुणाचे? कुणाचेच नव्हते ते. सोमालियाच्या किनाऱ्यावरचे काही जण स्वतःला कोस्टगार्ड म्हणवून घ्यायचे, आमचे मासे परदेशी ट्रॉलर चोरतात म्हणून आम्ही वसुली करतो असं सांगायचे, आणि मासे चोरले जात होते हे खरंही होतं, पण त्यांच्या मागं उभं राहून ‘होय, ही आमची माणसं, ह्यांच्या कामाचा जाब आम्ही देऊ’ असं म्हणणारं सरकार नव्हतं. आजचा आंतरराष्ट्रीय सागरी कायदासुद्धा चाचेगिरीची व्याख्या करताना खाजगी हेतूसाठी, खाजगी जहाजातून, खुल्या समुद्रावर केलेली जबरदस्ती असंच म्हणतो, आणि आपल्याकडे २०२२ चा जो चाचेगिरीविरोधी कायदा झाला त्याचाही गाभा हाच आहे.

आता जुन्या शिडाच्या काळात ह्या चाच्यांच्या शेजारी आणखी एक जमात होती, इंग्रजीत तिला प्रायव्हटीअर म्हणायचे, फ्रेंच कोर्सेअर म्हणायचे. मराठीत ह्याला रुळलेला शब्दच नाही आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. जहाज खाजगी, तोफा खाजगी, खलाशांचा खर्च व्यापारी भागीदारांनी वाटून उचललेला, पण राजाकडून एक सनद घेतलेली, तिला लेटर ऑफ मार्क म्हणायचे. युद्ध चालू असेपर्यंत अमुक देशाची जहाजं तू धरू शकतोस, एवढा अधिकार त्या सनदेत. त्यात जहाजाचं नाव, किती टनाचं, तोफा किती, माणसं किती, कॅप्टन कोण, मालक कोण, आणि शत्रू कोण, हे सगळं लिहिलेलं. आम्हा जहाजी लोकांना हे वाचून लगेच ओळखीचं वाटतं, कारण आजही बंदरात शिरलं की पहिल्यांदा एजंट येतो तो क्रू लिस्ट, रजिस्ट्रीचे कागद, आधीच्या बंदराचा क्लिअरन्स मागतो, तुमचं जहाज कितीही चकचकीत असो, कागद नसेल तर तुम्ही कोणीच नाही. माझं सीडीसीचं पुस्तक, म्हणजे खलाशाचं ओळखपत्र, मी कधी बॅगेत ठेवलं नाही, कायम अंगावर.

लोकांचा समज असा की सनद म्हणजे लुटीचं लायसन्स, मिळालं की मोकळं रान. तसं नव्हतं, निदान कायद्यानं तरी नव्हतं. आधी जामीन भरावा लागायचा. अमेरिकेनं १८१२ च्या युद्धात सनदा दिल्या तेव्हा जहाजावर दीडशेपेक्षा जास्त माणसं असतील तर १० हजार डॉलर आणि कमी असतील तर ५ हजार डॉलर असा जामीन होता, भलत्याच जहाजाला हात लावलात तर तो गेला. आणि जहाज धरल्यावर खरं काम सुरू व्हायचं. धरलेल्या जहाजावर आपली पाच-दहा माणसं चढवायची, त्याचे कागद जसेच्या तसे ताब्यात घ्यायचे, आणि हॅच, म्हणजे मालाच्या कोठारावरचं डेकवरलं झाकण, उघडायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. खाली रेशीम असो की साखर, एक गाठ सोडायची नाही, जहाज तसंच्या तसं आपल्या बंदरात आणायचं, तिथं नौदलाच्या कोर्टापुढं उभं करायचं, ह्याला प्राइझ कोर्ट म्हणायचे. तिथं दोन्हीकडच्या खलाशांच्या जबान्या व्हायच्या, कागद तपासले जायचे, आणि कोर्ट म्हणालं की हे खरंच शत्रूचं जहाज, तरच त्याचा लिलाव होऊन पैसे मालकांत आणि खलाशांत ठरल्या हिश्श्यानं वाटले जायचे. कोर्ट म्हणालं की हे तटस्थ देशाचं जहाज, तर सोडून द्यायचं, वर नुकसानभरपाईही द्यायची. बहुतेक खलाशांना पगार नसायचा, जहाज सापडलं तर हिस्सा, नाही सापडलं तर रिकाम्या हातानं घरी.

हॅच न उघडणं म्हणजे काय ते जमिनीवरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगतो. सहा महिने समुद्रावर, खाणं किडकं, पगार नाही, आणि पायाखाली दोन हात अंतरावर लाखोंचा माल, त्यावर ताडपत्री आणि पाचरी, एका कुऱ्हाडीचं काम. तिथं शंभर उपाशी माणसांना ‘थांबा, कोर्ट ठरवेल’ असं सांगून महिना-दोन महिने आवरून धरायचं. माझ्या मते चाचा आणि सनदवाला ह्यांच्यातला खरा फरक त्या हॅचवर आहे. सनद तर खिशात कुणीही ठेवेल.

आणि पकडले गेल्यावरचा फरक तर जिवावरचा. सनदवाला शत्रूच्या हाती लागला तर तो युद्धकैदी, कोठडीत सडेल पण पुढं अदलाबदलीत सुटेल. चाचा हाती लागला तर तो सगळ्या मनुष्यजातीचा शत्रू, कुठल्याही देशानं धरावा आणि फासावर द्यावा.

आता तुमच्या लेखातली माणसं घेतो. एव्हरीबद्दल माझी काही तक्रार नाही, तो चाचाच. १६९४ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पगार थकला म्हणून बंड करून जहाज पळवलं आणि १६९५ च्या सप्टेंबरात सुरतेच्या वाटेवर औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ लुटलं, त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या, आणि त्यांच्यावर जे अत्याचार झाले ते लिहवत नाहीत. त्याच्याकडे ह्या कामाचा कुणाचाही कागद नव्हता. भोगलं मात्र सुरतेच्या इंग्रज वखारीनं, औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना कोंडून ठेवलं, कारण मोगलांच्या दृष्टीनं चाचा इंग्रज आणि वखारवाला इंग्रज एकच. एव्हरी स्वतः कधी सापडला नाही, त्याची काही माणसं १६९६ मध्ये लंडनला फासावर गेली.

ड्रेकचं प्रकरण गुंतागुंतीचं. १५७७ ते १५८० मध्ये त्यानं पृथ्वीला फेरी मारली आणि वाटेत पॅसिफिकमध्ये स्पेनची चांदीनं भरलेली जहाजं लुटली, तेव्हा इंग्लंड आणि स्पेन ह्यांच्यात युद्ध जाहीरच झालेलं नव्हतं. स्पॅनिश त्याला चाचा म्हणत होते ते कायद्याला धरूनच होतं. पण परत आल्यावर १५८१ मध्ये त्याच्याच जहाजावर त्याला ‘सर’ केलं. राणी एलिझाबेथचा त्यात वाटा होता. म्हणजे कागद कच्चा असला तरी मागं राणी उभी राहिली की माणूस सरदार होतो, हे बघून मला आजही त्रास होतो, कारण त्याच्या तोफेखाली आलेल्या खलाशाला कुणी विचारलं नाही.

हेन्री मॉर्गन तुमच्या लेखात नव्हता, पण तोही ड्रेकच्याच जातीचा. जमैकाच्या गव्हर्नरची सनद घेऊन १६७१ मध्ये पनामा शहर लुटलं, पण १६७० मध्येच इंग्लंड-स्पेनचा तह झालेला होता. सनदेची मुदत युद्धाबरोबर संपते, पण तहाची बातमी जहाजानंच यायची ना, महिने लागायचे. त्याला धरून लंडनला नेलं, आणि दोन वर्षांनी तोही ‘सर’ होऊन जमैकाचा डेप्युटी गव्हर्नर म्हणून परत आला.

आणि किड. ह्याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं आणि हा माणूस आपल्या दारातून गेलेला आहे. त्याच्याकडे एक नाही, दोन सनदा होत्या, एक फ्रेंच जहाजं धरायची आणि एक चाच्यांना धरायची, मागं इंग्लंडचे मोठमोठे लॉर्ड भागीदार. १६९६ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ घेऊन निघाला, हिंदी महासागरात आला, हाती काही लागेना, माणसं कुरकुरायला लागली. १६९७ च्या सप्टेंबरात तो कारवारला पाण्यासाठी थांबला, तिथल्या इंग्रज वखारीतून बातमी फुटली, आणि गोव्याहून पोर्तुगीजांची दोन लढाऊ जहाजं त्याच्या मागावर निघाली, त्यातल्या एकाशी त्याची चांगली चकमक झाली. कारवार पेडण्याहून काही तासांवर आहे हो, पण आमच्या शाळेत किड म्हणजे कुठला तरी कॅरिबियन बेटांवरचा माणूस! पुढच्या महिन्यात भांडणात त्यानं स्वतःच्या तोफचीच्या डोक्यात बादली घातली, तो मेला. आणि १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ त्यानं ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज धरलं, बंगालहून सुरतेला निघालेलं, आत रेशीम, मलमल, साखर, अफू, लोखंड, सोरा. किडनं काय केलं, फ्रेंच झेंडा चढवला, तो बघून त्या जहाजानं आपला फ्रेंच परवाना दाखवला, आणि लगेच किडनं झेंडा बदलून सांगितलं की फ्रेंच परवाना म्हणजे तुम्ही शत्रूचे, जहाज माझं. ही युक्ती तेव्हा मान्य होती, सगळेच करायचे. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कॅप्टन इंग्रज, परवाना फ्रेंच, असा तो सगळा खिचडा. पण इथपर्यंत किडची बाजू पूर्ण पडकी नव्हती.

घात झाला तो पुढं. ते जहाज त्यानं कुठल्याही कोर्टासमोर नेलं नाही. हॅच उघडला, बराचसा माल किनाऱ्यावरच विकला, माणसांत वाटला, मादागास्करकडे गेला, तिथं त्याची बरीचशी माणसं एका खऱ्याखुऱ्या चाच्याला जाऊन मिळाली. तोवर औरंगजेबाच्या दरबारातून इंग्रज कंपनीवर दबाव आला होता आणि लंडनमधले ते लॉर्ड हात झटकून मोकळे झाले होते. १६९९ मध्ये बोस्टनला अटक, १७०१ च्या २३ मे रोजी लंडनला फाशी, पहिल्या वेळी दोर तुटला, पुन्हा चढवला. खटल्यात त्याच्या बचावाचे ते दोन फ्रेंच परवाने सापडतच नव्हते, त्यानं जिवाच्या आकांतानं मागितले पण मिळाले नाहीत, आणि विसाव्या शतकात सरकारी दफ्तरातच सापडले. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही, खून त्यानं केलाच होता. पण एखाद्याच्या गळ्याला फास लागलेला असताना त्याचा कागद दफ्तरात पडून राहतो, हे वाचून माझ्या पोटात तुटलं, कारण परक्या बंदरात कागद हरवलेला खलाशी काय भोगतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आपल्याच समुद्रातलं आणखी एक नाव लेखात नव्हतं, रॉबर्ट सुरकूफ, फ्रान्सच्या सेंट-मालो गावचा. १७९६ मध्ये त्यानं ओरिसाच्या किनाऱ्याजवळ कंपनीचं ‘ट्रायटन’ धरलं, पण तेव्हा त्याच्याकडे फक्त व्यापाराचा परवाना होता, लढाईची सनद नव्हती. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरनं त्याचीच सगळी कमाई जप्त केली. आपल्याच माणसाची! तो पॅरिसला जाऊन भांडला, भरपाई मिळवली, पुढं रीतसर सनद घेऊन आला आणि १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ‘केंट’ हे त्याच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं जहाज धरलं, तेव्हा तो हिरो झाला. माणूस तोच, समुद्र तोच, काम तेच, फरक कागदाचा.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टाळता येत नाही. ज्याचं जहाज गेलं त्या व्यापाऱ्याला, ज्याची पेटी फोडली त्या खलाशाला ह्या फरकाचा काय दिलासा? फारसा नाही. आणि युद्ध संपलं की हेच सनदवाले बेकार व्हायचे, शिकलेलं काम एकच, मग तेच चाचे व्हायचे. १७१३ ला युरोपातलं मोठं युद्ध संपलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत बहामा बेटांवर चाच्यांचं मोहोळ उठलं ते काही योगायोगानं नाही. त्यांना हुसकायला राजानं पाठवला तो वुड्स रॉजर्स, तो स्वतः जुना सनदवाला, म्हणजे चोराच्या वाटा ओळखणारा. शेवटी १८५६ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला युरोपच्या राजवटींनी सही करून ही सनदेची प्रथाच बंद केली, अमेरिकेनं तेव्हा सही केली नाही, पण प्रथा मरत गेली.

आता कान्होजी. इथं मी थोडा भावनेच्या भरात लिहीन, माफ करा.

कान्होजी चाचे नव्हते हे तर झालंच, पण मी पुढं जाऊन म्हणतो की ते सनदवाले प्रायव्हटीअरही नव्हते. काही चांगली माणसं त्यांची बाजू घेताना ‘ते पायरेट नव्हते, प्रायव्हटीअर होते’ असं लिहितात, तेही चूक. प्रायव्हटीअर म्हणजे खाजगी जहाजवाला, युद्धापुरता कागद घेतलेला. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्ती करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं तेव्हा सरखेलपद त्यांच्याकडे कायम राहिलं, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले त्यांच्या ताब्यात. किल्ले आहेत, मुलूख आहे, वरती छत्रपती आहेत, इंग्रजांशी १७१३ मध्ये रीतसर करार झालाय, पोर्तुगीजांशी तह झालाय. चाच्याशी कोणी तह करतं का?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कान्होजी कागद घेणारे नव्हते, कागद देणारे होते. कोकणच्या समुद्रात फिरणाऱ्या व्यापारी गलबताला त्यांचं दस्तक घ्यावं लागायचं, पैसे भरून, आणि दस्तक असेल तर गलबत सुखरूप जायचं, नसेल तर धरलं जायचं. आता गोव्यात बसून हे वाचणाऱ्यानं जरा आठवावं की अगदी हेच काम पोर्तुगीज आपल्या मांडवीच्या तोंडावरून दोनशे वर्षं करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे. जहाजाचं नाव, नाखवा कोण, हत्यारं किती, जाणार कुठं, सगळं त्यात लिहिलेलं, अमुक माल न्यायचा नाही, पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची, आणि कार्ताझ नसलेलं जहाज धरलं तर ती पोर्तुगीजांच्या लेखी हक्काची जप्ती. हिंदी महासागर त्यांच्या बापजाद्यांचा नव्हता, कुठून तरी वळसा घालून आले आणि म्हणाले आता आमचा कागद घ्या. त्यांच्या कार्ताझला आपण व्यापारी धोरण म्हणायचं आणि ह्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाच्या दस्तकाला चाचेगिरी? हा न्याय मला समजत नाही.

इंग्रजांचा राग कशावर होता तेही बघा. इंग्रज आपले पास देशी व्यापाऱ्यांच्या मालाला द्यायचे, आणि कान्होजी म्हणायचे की कंपनीची जहाजं सोडतो पण हा माल कंपनीचा नाही, त्यानं माझं दस्तक घ्यायला हवं. ह्यात चूक कुणाची ह्यावर वाद घालता येईल, पण वाद आहे तो दोन सत्तांमधला, जकातीचा. तो लुटारू आणि सावकार ह्यांच्यातला वाद नव्हे. १७२१ च्या डिसेंबरात मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून गेले, गोव्याहून खुद्द व्हाइसरॉय गेला होता, तरी किल्ला पडला नाही, आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी इंग्रजांना न जुमानता वेगळा तह करून टाकला. एका चाच्यासाठी दोन राजांची आरमारं लागतात आणि वर तह करून परत यावं लागतं, असं होतं का?

कान्होजी गेले १७२९ मध्ये. त्यांच्या मुलांच्या काळात घर फुटलं, पेशव्यांशी बिनसलं, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनी पेशव्यांच्या साथीनं विजयदुर्ग घेतला, आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्यात आपलाही हात होता हे दुःख मोठं आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण त्या दिवशी किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची संपत्ती इंग्रज सैन्यानं आणि आरमारानं आपापसात वाटून घेतली, कुणाला किती हे मुंबईहून निघायच्या आधीच ठरवून ठेवलेलं, आणि बरोबरच्या मराठ्यांना त्यात वाटा नव्हता. आणि इतिहासाच्या पुस्तकांत ह्या प्रकरणाचं नाव काय, तर चाच्यांचा बंदोबस्त. ते नाव इंग्रजांनी ठेवलं आणि आपण आजही तेच छापतो, ह्याची मला मनापासून खंत वाटते. ह्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी त्याच इंग्रजांनी पॅरिसला सही करून सनदेची प्रथा बंद केली. आणि आपल्या नौदलानं १९५१ मध्ये मुंबईच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ नाव दिलं, नौदल काही चाच्याचं नाव तळाला देणार नाही.

गोव्यापुरतं एक नाव आणखी सांगतो, होनावरचा तिमय्या, पोर्तुगीज कागदांत तिमोजा. विजयनगरच्या आश्रयानं जहाजं बाळगून होता, पोर्तुगीज त्याला कोर्सेअर म्हणायचे, आणि १५१० मध्ये त्याच्याच सल्ल्यानं आणि मदतीनं आल्बुकेर्क गोव्यावर चालून आला. आता ह्याला काय म्हणायचं, चाचा, सनदवाला, की विजयनगरचा आरमारी माणूस? मी स्वतः सनदवाल्यांच्या बाजूला धरतो, पण ह्यावर अभ्यासकांनी लिहावं आणि तुमच्या पुरवणीत लिहावं, कारण ही आपल्या मातीतली गोष्ट आहे आणि पोरांना ब्लॅकबिअर्ड चाच्याची दाढी माहीत आहे पण तिमय्या माहीत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रायव्हटीअरला मराठीत ‘सनदी’ म्हणा, सनदी जहाज, सनदी कप्तान. आपण सनदी अधिकारी म्हणतोच की, शब्द ऐकल्याबरोबर कळतं की मागं सरकारचा कागद आहे. चाचे हा शब्द एव्हरीसारख्यांना ठेवा. आणि कान्होजींना त्यांचं जे पद होतं तेच लावा, सरखेल. किडला कुठं बसवायचं ते तुम्ही ठरवा, मी अजून ठरवू शकलेलो नाही, सनदी म्हणून निघाला आणि हॅच उघडल्याबरोबर बदलला असं मला वाटतं, पण ते हरवलेले परवाने आठवले की पुन्हा मन मागं येतं.

नातवाला मी हे सगळं दोन संध्याकाळी बसून सांगितलं, त्याची आई म्हणाली पोराला अभ्यास करू द्या, पण तो हलला नाही. काळी पट्टी त्यानं रबरानं खोडलीय, कागद थोडा फाटला तिथं. कवटीचा झेंडाही गेला. आता चित्रात कान्होजी कुलाब्याच्या तटावर बसलेत, हातात शिक्का मारलेला कागद आहे, आणि समोर एक नाखवा तो घ्यायला हात पुढं करून उभा आहे. तुमचा लेख त्यानं वहीच्या डाव्या पानावर चिकटवलाय आणि उजवं पान कोरं ठेवलंय, तुम्ही दुरुस्ती छापलीत की तिथं चिकटवायची म्हणून. रविवारी सकाळी पेपर आला की आधी तोच पुरवणी उघडून बघतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तारवटी
पेडणे, गोवा